कारण न सापडलेला नेत्रदाह आणि त्यातील संदेशवाहक रेणू

(ठाण्यात नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या फायलीत निदानाच्या रकान्यात ‘इडिओपॅथिक युव्हायटिस’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. त्यांतला दुसरा शब्द आजाराचे नाव सांगतो आणि पहिला शब्द आम्हा डॉक्टरांच्या माहितीची हद्द सांगतो. ग्रीक भाषेत ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचे आणि ‘पॅथोस’ म्हणजे दुखणे. स्वतःपासूनच उपजलेले, बाहेरचे कारण नसलेले दुखणे असा त्याचा मूळ अर्थ. जगभरच्या नेत्ररुग्णालयांनी आपापल्या युव्हायटिसच्या रुग्णांची जी मोजदाद वेळोवेळी प्रसिद्ध केली आहे, तीत साधारणपणे ३० ते ५० टक्के रुग्णांच्या नावापुढे हाच शब्द येतो. म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाने आजारी असलेल्या दर दोन-तीन माणसांपैकी एकाला आपण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर न देताच घरी पाठवतो.

काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. डावा डोळा लाल झाला तेव्हा त्यांना घरी, शाळेत आणि औषधाच्या दुकानात सगळीकडे ‘डोळे आलेत’ असेच सांगण्यात आले होते. थेंब घातले, आठवड्याभरात लाली थोडी उतरली, पण उजेड सहन होईना आणि फळ्यावर स्वतःच लिहिलेली अक्षरे त्यांना पुसट दिसू लागली. पुढच्या पंधरा दिवसांत छातीचा सीटी स्कॅन, क्षयासाठीची मांटू चाचणी, सिफिलिसची तपासणी, एचएलए-बी२७ ही जनुकीय चाचणी असा सगळा फेरा पूर्ण झाला आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी विचारले, “डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणता, मग मला दिसत का नाही?” या प्रश्नाला मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाला नीट उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आधी जागा ओळखून घेऊ. डोळ्याच्या गोलाला तीन आवरणे असतात. बाहेरचे पांढरे, टणक. सर्वांत आतला पडदा, म्हणजे रेटिना, जिच्यावर चित्र उमटते. आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले गडद रंगाचे आवरण, ज्याला युव्हिया म्हणतात. लॅटिन भाषेत ‘युव्हा’ म्हणजे द्राक्ष. बाहेरचे आवरण सोलून काढले तर आतला गोल काळ्या द्राक्षासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. बाहुलीभोवतालचे रंगीत कडे हा याच आवरणाचा पुढचा भाग. या आवरणाला, आणि त्याच्या आसऱ्याने शेजारच्या पडद्याला, जो दाह होतो तो युव्हायटिस. डोळे येतात तेव्हा डोळ्याच्या बाहेरच्या पातळ अस्तराला दाह होतो, चिपडे येतात, घरातल्या चौघांना एकापाठोपाठ एक लागण होते आणि दृष्टी सहसा शाबूत राहते. युव्हायटिसमध्ये चिपडे येत नाहीत, शेजाऱ्याला लागण होत नाही, डोळा खोलवर ठणकतो, उजेड नकोसा होतो आणि दृष्टी मंदावते. मागच्या भागातला दाह असेल तर डोळा लालही होत नाही. नुसती जाळी आणि तरंगते ठिपके दिसत राहतात, आणि म्हणून तो सर्वांत उशिरा ओळखला जातो.

दुपारच्या वेळी कौलारू घरात कवडसा पडला की एरवी न दिसणारी धूळ त्यात तरंगताना दिसते. आम्ही स्लिट लॅम्पने, म्हणजे प्रकाशाची बारीक तिरीप टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, नेमके हेच करतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, आणि रंगीत कडे यांच्यामध्ये पाण्याने भरलेली एक छोटी जागा असते. तिला अग्रकक्ष म्हणतात. निरोगी डोळ्यात हे पाणी इतके नितळ असते की प्रकाशाची तिरीप त्यातून जाताना दिसतच नाही. दाह झाला की तिरीप धुरकट दिसू लागते, कारण रक्तातली प्रथिने पाण्यात झिरपलेली असतात, आणि त्या धुरकटपणात पांढऱ्या पेशी कणाकणांनी फिरताना दिसतात. एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद तिरिपेत किती पेशी दिसतात ते मोजून आम्ही दाहाची पायरी ठरवतो. २००५ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या मोजणीनुसार ५० पेक्षा जास्त पेशी दिसल्या तर ती सर्वांत वरची पायरी. पेशी दिसतात, मोजता येतात. त्यांना तिथे बोलावणारा निरोप मात्र स्लिट लॅम्पमध्ये दिसत नाही.

हे निरोप समजून घेण्याआधी डोळ्याची एक विशेष गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शरीराची प्रतिकारयंत्रणा सर्वत्र मोकळेपणाने फिरते, पण डोळ्यात तिला मुक्त प्रवेश नाही. १९४८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या अग्रकक्षात दुसऱ्या सशाच्या त्वचेचे तुकडे बसवून पाहिले आणि अंगावर बसवलेली परकी त्वचा जशी झडून जाते तशी ती डोळ्यात, रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत, झडत नाही असे त्यांना आढळले. नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवताना आपण मूत्रपिंडाच्या वेळी करतो तशी ऊतींची जुळवाजुळव एरवी करत नाही आणि तरीही तो बहुतेकांना मानवतो, याचे मूळ याच गुणात आहे. कारण उघड आहे. हातावर सूज आली आणि दोन दिवसांनी उतरली तर हात पूर्ववत होतो. रेटिनावर तेवढीच सूज आली तर मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून डोळ्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट शिवलेल्या असतात, डोळ्यातल्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखे शांतवणारे रेणू असतात, आणि डोळ्यातल्या काही पेशींच्या अंगावर असा एक रेणू असतो की आत शिरलेली चढाईखोर पांढरी पेशी त्याला चिकटली तर ती स्वतःच मरते.

या बंदोबस्ताला एक किंमत आहे. रेटिनाची प्रथिने प्रतिकारयंत्रणेच्या फारशी नजरेखाली येत नाहीत, म्हणून तिची त्यांच्याशी ओळखही अपुरी राहते. छातीतल्या थायमस ग्रंथीत तरुण पांढऱ्या पेशींना शरीराच्या प्रथिनांची ओळख करून दिली जाते आणि जी पेशी स्वकीयावर उठेल ती तिथेच बाद केली जाते. तिथे रेटिनाच्या प्रथिनांचाही थोडा नमुना ठेवलेला असतो. उंदरांमध्ये असे एकच प्रथिन थायमसमधून काढून टाकले तर डोळ्यात आपोआप दाह सुरू होतो, हे २००६ साली दाखवले गेले. पण ही चाळण कोणाचीच पूर्ण बारीक नसते. रेटिनावर चालून जाऊ शकतील अशा थोड्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही फिरत असतात. रबाळे, महापे, तुर्भे भागातल्या कारखान्यांत लोखंडाचा कण उडून एक डोळा फुटला तर आम्ही दुसऱ्या, धडधाकट डोळ्याकडे काही महिने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो, ते याचसाठी: फुटलेल्या डोळ्यातली प्रथिने यंत्रणेपुढे उघडी पडतात आणि क्वचित ती दोन्ही डोळ्यांवर उठते. लुई ब्रेल वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात एका डोळ्याला जखम होऊन पुढे दोन्ही डोळ्यांनी अंध झाले, त्याचेही कारण बहुधा हेच होते असे मानले जाते.

आता निरोपांकडे येऊ. पांढऱ्या पेशींना एकमेकींशी बोलायला शब्द नाहीत. त्या छोटी प्रथिने सोडतात आणि ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनाचे कुलूप असेल तिलाच तो निरोप पोहोचतो. या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. १९५७ साली विषाणूंच्या अभ्यासातून इंटरफेरॉन सापडले. १९७५ साली कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारा घटक म्हणून टीएनएफचे वर्णन झाले. आणि एकाच रेणूला प्रत्येक प्रयोगशाळा वेगळे नाव देऊ लागल्याने १९७९ साली स्वित्झर्लंडमध्ये जमलेल्या संशोधकांनी ‘इंटरल्युकिन’ हे सामाईक नाव स्वीकारले. इंटर म्हणजे दरम्यान आणि ल्युकिन हे पांढऱ्या पेशींवरून. पुढे त्यांना क्रमांक पडत गेले. यांचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये मोजतात, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. मीठ चिमटीत धरून अंदाज घेणाऱ्या आपल्या मनाला हे प्रमाण कल्पनेतही आणता येत नाही, पण त्या शिक्षिकाबाईंच्या दृष्टीचा निकाल एवढ्याशा पदार्थावर लागत होता.

दाह भडकतो तेव्हा काय होते ते ढोबळपणे सांगतो. डोळ्यातल्या पहारेकरी पेशीला काही खटकते. ती टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ सोडते. त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट आणि सैल होतात. इंटरल्युकिन-८ हा निरोप न्यूट्रोफिल पेशींना बोलावतो, आयपी-१० हा टी पेशींना बोलावतो; या दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती. आलेल्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा किंवा इंटरल्युकिन-१७ सोडून लढा पुढे चालवतात. इंटरल्युकिन-६ आग धुमसती ठेवते, आणि भिंती सैल झाल्याने रेटिनाच्या मध्यबिंदूपाशी, म्हणजे मॅक्युलापाशी, पाणी साचते. युव्हायटिसमध्ये दृष्टी जाते ती पुष्कळदा या साचलेल्या पाण्यामुळे. बाईंना फळ्यावरची अक्षरे पुसट दिसत होती ती यामुळेच. दुसऱ्या बाजूला इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे आवरते घ्या असे सांगणारे निरोप असतात.

मी ‘ढोबळपणे’ म्हणालो, कारण हे वर्णन जितके सरळ वाटते तितके ते नाही, आणि मला आज जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथेच आहे. निरोपाचा अर्थ एकट्या निरोपात नसतो. तो कोणाच्या संगतीत आला यावर ठरतो. टीजीएफ-बीटा हा डोळ्यातला शांतिदूत असे मी आत्ताच म्हणालो. पण २००६ साली तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी दाखवले की हाच टीजीएफ-बीटा इंटरल्युकिन-६च्या जोडीने आला तर तरुण टी पेशीला इंटरल्युकिन-१७ सोडणारी, दाह भडकवणारी पेशी बनवतो. उलट बाजूचे उदाहरणही आहे. उंदराला रेटिनाचे प्रथिन टोचून युव्हायटिस घडवण्याचा एक प्रयोग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील रेचल कॅस्पी यांच्या गटाने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या पेशी टोचल्या की उंदराला दाह होतो, म्हणजे तो दोषी ठरला असे वाटते. मग उंदरातला इंटरफेरॉन-गॅमा निष्प्रभ केला तर दाह कमी व्हायला हवा, पण तो वाढला. इंटरफेरॉन नसलेला उंदीर दुसऱ्या वाटेने, इंटरल्युकिन-१७च्या वाटेने, आजारी पडू शकतो हेही दिसून आले. याच गटाने २०१५ साली दाखवले की रेटिनावर उठणाऱ्या टी पेशी असलेल्या उंदरांत त्या पेशींना पहिली चिथावणी डोळ्यात मिळत नाही; ती आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या सहवासात मिळते, आणि प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू कमी केले तर दाहही उतरतो. हे उंदरांचे निष्कर्ष आहेत आणि त्यावरून कोणी दही किंवा प्रोबायोटिक गोळ्या हा युव्हायटिसचा उपचार म्हणून विकत असेल तर त्याला या संशोधनाचा आधार नाही, हे मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

माणसाच्या डोळ्यातले निरोप वाचायचे कसे? अश्रू निराळे आणि अग्रकक्षातले पाणी निराळे. अग्रकक्षात सुमारे पाव मिलिलिटर पाणी असते. बारीक सुईने त्यातले एक दशांश मिलिलिटर काढता येते. पूर्वी एवढ्याशा पाण्यात एखादाच रेणू मोजता येई. आता रंगीत सूक्ष्म मणी वापरून, प्रत्येक रंगाच्या मण्याला एकेका रेणूचा गळ लावून, त्याच थेंबात डझनावारी सायटोकाइन एकदम मोजता येतात. अशा मोजण्यांतून इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि आयपी-१० युव्हायटिसच्या डोळ्यांत वाढलेले पुनःपुन्हा आढळले आहेत. त्याच रुग्णाच्या रक्तात मात्र ते अनेकदा सामान्य असतात. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे: त्यांचे रक्त तपासले होते, आणि गडबड रक्तात नव्हती.

तरीही या आकड्यांच्या आहारी जाऊ नये. आपल्या मासुंदा तलावातून ओंजळभर पाणी काढून तपासले तर त्या घडीला पाण्यात काय आहे ते कळेल. ते कोणी आणि केव्हा टाकले ते कळणार नाही. अग्रकक्षातले पाणी तर सुमारे दीड-दोन तासांत पूर्ण बदलते. रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तोवर बहुधा स्टिरॉइडचे थेंब सुरू झालेले असतात आणि त्यांनी निरोप दाबलेले असतात. तुलनेसाठी निरोगी माणसाच्या डोळ्यात सुई घालणे योग्य नाही, म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले पाणी ‘निरोगी’ म्हणून धरतात. तो डोळा साठ-सत्तर वर्षांचा असतो आणि आमचा रुग्ण अनेकदा तिशीतला. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी जुळत नाही. त्यामुळे अमुक पिकोग्रॅमच्या वर अमुक आजार असे कोष्टक युव्हायटिससाठी आजही उपलब्ध नाही.

एका ठिकाणी मात्र निरोपांनी निदानाचा मार्ग खरोखर दाखवला आहे आणि तो मी विसरू शकत नाही. माझ्या शिक्षणाच्या काळात साठीच्या पुढचे एक गृहस्थ दोन्ही डोळ्यांत धुके दाटल्याची तक्रार घेऊन आले. तपासण्या नॉर्मल, म्हणून ‘इडिओपॅथिक’. स्टिरॉइड दिले की बरे वाटे, कमी केले की धुके परत येई. असे आठ महिने गेले. त्यांतले काही महिने औषधाचा कागद माझ्या हाताने लिहिलेला होता. शेवटी डोळ्यातला गाभ्याचा द्रव काढून तपासला तेव्हा त्यात इंटरल्युकिन-१० भरपूर आणि इंटरल्युकिन-६ थोडे निघाले. दाहात हे प्रमाण उलटे असते. इंटरल्युकिन-१० इतके कोण सोडते? बी पेशी या पांढऱ्या पेशींच्या जातीचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा. डोळ्यातल्या लिम्फोमाच्या पेशी हा शांतवणारा निरोप सतत सोडतात, आणि या दोन रेणूंचे गुणोत्तर एकापेक्षा जास्त असेल तर लिम्फोमाचा संशय घ्यावा हे १९९०च्या दशकातील संशोधनातून पुढे आले होते. स्टिरॉइडने त्या पेशी काही काळापुरत्या कमी होतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते आणि डॉक्टर फसतो. पेशींच्या तपासणीने निदान पक्के झाले, पण तोवर आजार मेंदूत पोहोचला होता. तेव्हापासून पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या फायलीत ‘इडिओपॅथिक’ लिहिताना माझा हात थांबतो.

आपल्या भागात हात थांबवण्याची आणखी दोन कारणे आहेत, आणि पहिले क्षयाचे. तुमच्यापैकी कोणाची इग्रा ही रक्तचाचणी झाली असेल तर तुमचे सायटोकाइन मोजले गेले आहे. तुमच्या रक्तातल्या टी पेशींपुढे क्षयाच्या जिवाणूची प्रथिने ठेवतात आणि त्या किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात ते मोजतात. पण ही चाचणी ‘या पेशींनी तो जिवाणू कधीतरी पाहिला आहे’ एवढेच सांगते; डोळ्यातला दाह त्याचाच आहे असे सांगत नाही. जिथे सुप्त क्षयसंसर्ग इतका सर्वदूर आहे तिथे हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. सारकॉइडोसिस नावाच्या आजारातही क्षयासारख्याच गाठी होतात, तोच इंटरफेरॉन-गॅमा वाढतो, आणि सायटोकाइनच्या यादीवरून या दोघांना वेगळे करणे अवघड जाते. एकात क्षयाची औषधे द्यायची असतात आणि दुसऱ्यात दाह दाबायचा असतो.

दुसरे कारण पावसाचे. २००५च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून लागण होणाऱ्या जिवाणूजन्य तापाची, साथ आली, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळ्यात दाह होतो. तोवर पाण्यातून चाललो होतो हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. मदुराईत १९९३च्या पुरानंतर असे रुग्ण मोठ्या संख्येने आले आणि तिथल्या अरविंद नेत्ररुग्णालयातील डॉ. एस. आर. रथिनम व सहकाऱ्यांनी त्यांचा छडा लावला. एरवी ते सगळे कारण न सापडलेल्यांच्या यादीतच गेले असते. पुढे तमिळनाडूतील तळ्या-नद्यांत पोहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांतल्या गाठींमागे एक परजीवी पानकृमी असल्याचेही त्यांच्याच गटाने दाखवले. पाश्चात्त्य पुस्तकांत वर्षानुवर्षे अकारण मानलेल्या काही प्रकारांमागेही आता रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणू सापडला आहे. ‘इडिओपॅथिक’ ही यादी अशी एकेक नाव गळत लहान होत आली आहे, आणि तिला लहान करणारे लोक बहुधा रुग्णाच्या गावचे पाणी कुठून येते हे विचारणारे लोक होते.

मग कारण सापडेपर्यंत उपचार काय? स्टिरॉइड हे सगळेच निरोप एकदम दाबतात, म्हणून ते लवकर लागू पडतात आणि म्हणूनच दीर्घकाळ दिले तर मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह आणि ठिसूळ हाडे मागे ठेवून जातात. ते कमी करता यावेत म्हणून आम्ही मेथोट्रेक्सेट देतो, आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून घरात कोणी ते घेत असेल तर वार ठरवून भिंतीवर लिहून ठेवावा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील केंद्रांचाही सहभाग असलेल्या २१६ रुग्णांच्या तुलनेत त्याच्याहून महागडे मायकोफेनोलेट त्याच्यापेक्षा सरस ठरले नाही, ही आपल्याकडच्या कुटुंबांच्या दृष्टीने मोलाची माहिती आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे एकच निरोप नेमका अडवणे. इंटरल्युकिन-१७ दाहात वाढते, उंदरांत आजार घडवते; साहजिकच ते अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅब या औषधाकडून मोठी आशा होती. २०१३ साली त्याच्या तीन चाचण्यांचे निकाल आले आणि एकीतही ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. टीएनएफच्या बाबतीत उलटे घडले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाह चालू असलेल्या रुग्णांमध्ये स्टिरॉइड कमी करत नेल्यावर, टीएनएफ अडवणारे ॲडालिमुमॅब घेणाऱ्यांचा दाह पुन्हा हाताबाहेर जायला मध्यकाने २४ आठवडे लागले आणि नकली इंजेक्शन घेणाऱ्यांचा १३ आठवडे. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला युव्हायटिससाठी मान्यता मिळाली. भारतात त्याची इथेच तयार झालेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती संधिवातासाठी २०१४ पासून मिळत होती. आणि तरी त्याच टीएनएफला अडवणारे एटानरसेप्ट सांध्यांत चांगले काम करते आणि डोळ्यात करत नाही. निरोप तोच, अडवण्याची रीत वेगळी, जागा वेगळी, परिणाम वेगळा.

टीएनएफ अडवण्याआधी क्षयाची कसून तपासणी का करतो, तेही यातूनच कळेल. सुप्त क्षयाच्या जिवाणूंभोवती पेशींची जी तटबंदी असते ती टीएनएफच्या आधाराने उभी असते. तो काढून घेतला की डोळा शांत होतो आणि फुप्फुसातला जुना क्षय जागा होतो. जो निरोप डोळ्याचा वैरी आहे तोच छातीचा राखणदार आहे.

त्या शिक्षिकाबाईंना आधी मेथोट्रेक्सेट दिले; ते अपुरे पडले तेव्हा क्षयाच्या सर्व तपासण्या पुन्हा करून ॲडालिमुमॅब सुरू केले. त्यांच्या मॅक्युलातले पाणी उतरले आणि त्या पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. म्हणजे आग कोणी लावली हे न कळताही ती कोणत्या वाटेने पसरते आहे हे ओळखून वाट अडवता आली. फायलीतला शब्द मात्र तसाच आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्या तो बोटाने दाखवतात. मी दर वेळी त्यांना पावसाळ्याबद्दल, घरातल्या खोकल्याबद्दल, अंगावरच्या पुरळाबद्दल आणि पाठदुखीबद्दल नव्याने विचारतो, कारण पहिल्या भेटीत नसलेले लक्षण चौथ्या वर्षी उमटू शकते.

गेल्या वर्षी स्टिरॉइडमुळे आलेल्या त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्यांच्या लेखी संमतीने अग्रकक्षातले एक दशांश मिलिलिटर पाणी काढले. वारंवार वितळवले तर हे रेणू मोडतात, म्हणून ते चार बारीक नळ्यांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसवर ठेवले आहे. एका नळीतले पाणी आज उपलब्ध असलेल्या चाचण्यांसाठी वापरले. त्यात इंटरल्युकिन-६ वाढलेले निघाले, जे आम्हाला अपेक्षित होते. उरलेल्या तीन नळ्या अजून न निघालेल्या चाचण्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. दोन रुग्णांच्या शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळेत मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी नळ्यांवर काय लिहिले आहे ते विचारले. नाव लिहीत नाहीत, फक्त एक क्रमांक असतो, असे मी म्हणालो. त्यांनी तो क्रमांक मागून घेतला आणि आपल्या फायलीत ‘इडिओपॅथिक’ या शब्दाशेजारी स्वतःच्या हाताने लिहिला.